रुळालगतची नावं

‘रामशास्त्री’ (१९४४) या प्रभातच्या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून तीन नावं लागली : गजानन जागीरदार, विश्राम बेडेकर आणि राजा नेने. यांतले पहिले दोघे जन्मानं अमरावतीचे. बेडेकर १९०६चे, जागीरदार १९०७चे. पेशवाईतल्या पुण्यावरचा इतका नावाजलेला बोलपट, आणि तो करणाऱ्या तिघांपैकी दोघे वऱ्हाडात जन्मलेले! मराठी सिनेमाचा इतिहास कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन गावांतच सांगायची आपल्याला इतकी सवय झालीय, की कोणी मुद्दाम बोट ठेवल्याशिवाय ही गोष्ट ध्यानात येत नाही.

नट-दिग्दर्शकांच्या कारकिर्दीचे आढावे आपल्याकडे बहुधा दोनच वेळा निघतात. माणूस गेला की, नाहीतर मोठा पुरस्कार मिळाला की. दोन्ही वेळी मजकूर साधारण तोच : चित्रपटांची यादी, सालं, मानसन्मान, एखादा किस्सा. जन्मगाव पहिल्या वाक्यात येतं आणि दुसऱ्या वाक्यात गाडी मुंबईला लागलेली असते. वाशिमला बसून हे वाचताना हिशेब उलट्या बाजूनं मांडावासा वाटतो. वऱ्हाडातून गेलेल्यांच्या कारकिर्दी मोठ्या झाल्या, यात वाद नाही. पण त्या कारकिर्दींत वऱ्हाड किती आलं?

आधी नकाशा पाहू. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा निघाला. इंग्रजी अमलातही तो ‘बासिम’ नावानं स्वतंत्र होता. १९०५ साली अकोल्यात मिळवला गेला. म्हणजे अकोला जिल्ह्याचा विसाव्या शतकातला जवळजवळ सगळा इतिहास आपलाही. आता सिनेमातली नावं टाका. दिग्दर्शक राजदत्त धामणगावचे. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. जागीरदार आणि बेडेकर अमरावतीचे. धामणगाव आणि मूर्तिजापूर ही दोन्ही स्टेशनं थेट मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत, आणि अमरावती बडनेऱ्याहून त्याच मार्गाला जोडलेली. परतवाड्याचे गो. नी. दांडेकर तेवढे या रांगेबाहेरचे; पण त्यांनी तर पोरवयातच घर सोडलं होतं.

हा योगायोग नाही असं माझं मत आहे. मोठी लाइन कापसासाठी होती आणि कापसाच्या पैशामागून नाटक कंपन्या येत. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगाच पडलेली नाही. अमरावती, अकोला, खामगाव या गावांत नाटकाला गिऱ्हाईक होतं, संगीताला आश्रय होता, आणि ज्याला बाहेर पडायचं त्याला रात्रीची गाडी होती. वाशिम पडलं अकोला-पूर्णा या मीटर गेजवर. तो मार्ग रुंद व्हायला २००८ साल उजाडावं लागलं. कारंजाला मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरो गेजची शकुंतला होती. ती माणसांपेक्षा कापसाच्या गाठींसाठी घातलेली, आणि तिचा वेग काय होता हे कारंजेकरांना सांगायला नको. गंमत म्हणजे वाशिमवरून जाणाऱ्या त्या जुन्या मीटर गेजवरच उत्तरेला खंडवा होतं, अशोककुमार-किशोरकुमारांचं गाव. तिकडून मात्र आपल्याकडे फक्त गाणी आली.

जागीरदारांपासून सुरुवात करू, कारण नट म्हणून या सगळ्यांत मी त्यांना पहिला नंबर देतो. ‘शेजारी’ (१९४१) पाहिलेला नसेल तर जरूर पाहा. व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी केलेला हा शेवटचा चित्रपट, आणि कथा विश्राम बेडेकरांची. म्हणजे इथंही अमरावतीची जोडी आहेच. गावातले दोन म्हातारे दोस्त, जिवबा आणि मिर्झा, बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे. धरण बांधायला आलेला कंत्राटदार त्यांच्यात फूट पाडतो आणि शेवटी फुटणाऱ्या धरणाच्या लोंढ्यात दोघांचा अंत होतो. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले जागीरदार. याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, शांतारामांनी मुसलमान मिर्झा जागीरदारांनाच दिला आणि हिंदू ठाकूर दिला मजहर खान यांना. देशात हिंदू-मुसलमान तेढ वाढत असतानाची ही पात्रयोजना आहे. जागीरदार त्या मिर्झाला कुठेही ‘थोर’ करत नाहीत. म्हातारा हेकट आहे, दुखावला की तोंड फिरवून बसतो, आणि माफी मागायची वेळ आली की शब्द सापडत नसल्यानं भलतंच काहीतरी बोलतो. आपल्या गल्लीतला माणूस पाहतोय असं वाटतं.

‘रामशास्त्री’त तर ते स्वतःच रामशास्त्री प्रभुणे. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावणारा न्यायाधीश. ललिता पवारांची आनंदीबाई समोर असताना पडद्यावर टिकून राहणं सोपं नव्हतं. जागीरदार तिथं आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. त्यांच्यानंतर मराठीत भारदस्त न्यायाधीशांची आणि शास्त्रीबुवांची रांग लागली. बहुतेकांनी आवाजच चढवला.

पुढची कारकीर्द लांब आहे आणि आढाव्यात बहुधा धावत उरकली जाते : ‘शाहीर परशुराम’, ‘वैजयंता’, मग हिंदीतल्या चरित्र भूमिका, ‘गाईड’ (१९६५) पासून ‘उमराव जान’ (१९८१) पर्यंत. मधली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. प्रभात बंद पडल्यावर १९६० साली त्याच आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिचे पहिले प्रमुख झाले जागीरदार. ज्या फ्लोअरवर स्वतः चेहऱ्याला रंग लावून उभे राहिले होते, तिथंच आता देशभरातून आलेल्या पोरांना शिकवायची व्यवस्था लावायची होती. असं भाग्य किती नटांना मिळतं?

बेडेकरांचं प्रकरण वेगळं. ते चित्रपटाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले आणि परतीच्या बोटीनं त्यांना ‘रणांगण’ (१९३९) दिली. सिनेमा शिकायला गेलेला माणूस मराठीतली एक अव्वल कादंबरी घेऊन परतला, यात त्यांच्या कारकिर्दीचं सगळं मर्म आहे. दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) सारखा भव्य हिंदी चित्रपटही आहे. पृथ्वीराज कपूर आणि सुरैया त्यात आहेत, आणि सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. तरीही पटकथाकार बेडेकर दिग्दर्शक बेडेकरांपेक्षा मोठे होते, आणि लेखक बेडेकर या दोघांपेक्षा. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी मिळाली ती काही उगाच नाही.

या दोघांच्या चित्रपटांत वऱ्हाड शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. पुणं आहे, इराण आहे, नाव नसलेलं एखादं मराठी खेडं आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रभातच्या काळात बोलपटाची भाषा ठरली ती पुण्याची. आणि आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतोच, मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. १९५६ला द्विभाषिकात आलो, १९६०ला महाराष्ट्रात. पुण्यात जाऊन नाव काढायचं तर पुण्यासारखं बोलावं लागे. अमरावतीच्या माणसाला ते जमे, म्हणून तर तो तिथं टिकला.

वसंतरावांचंही तेच. मूर्तिजापूरला १९२० साली जन्म, वाढ नागपूरला, आणि पोरवयात भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ (१९३५) मध्ये कृष्ण. त्यानंतर कितीतरी वर्षं सिनेमा त्यांना विसरला आणि तेही पुण्यात लष्करी हिशेबाच्या नोकरीत रमल्यासारखे दिसत राहिले. त्यांना परत आणलं ते नागपूरकर पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातला खाँसाहेब देऊन, १९६७ साली. कारंजापासून मूर्तिजापूर तीस-पस्तीस किलोमीटर. नातवानं, राहुल देशपांडे यांनी, २०२२ मध्ये ‘मी वसंतराव’ पडद्यावर आणला तेव्हा तो आपल्या शेजारच्या गावचा माणूस म्हणून पाहायला गेलेले इथले प्रेक्षक किती असतील, हा प्रश्न मनात आला.

आता राजदत्त. इथं मला थांबायचंय.

दत्तात्रय अंबादास मायाळू, जन्म १९३२, धामणगाव. राजा परांजपे यांच्या हाताखाली शिकले. ‘मधुचंद्र’ (१९६७) पासून स्वतंत्र झाले. २०२४ मध्ये पद्मभूषण जाहीर झाला तेव्हा वर्तमानपत्रांत जी यादी आली, ती बहुतेक ‘अष्टविनायक’वर (१९७९) येऊन थांबत होती. साहजिक आहे, गणेशोत्सवात त्या चित्रपटातलं आठ गणपतींचं गाणं वाजलं नाही असा मांडव दाखवा. त्यात वसंतराव देशपांडे चक्क भूमिकेत आहेत. दिग्दर्शक धामणगावचा, बुजुर्ग गायक-नट मूर्तिजापूरचा, आणि चित्रपटानं भक्तांच्या गाड्या लावल्या त्या पुणे, रायगड आणि नगर जिल्ह्यांकडे! चिंतामणी म्हणून आपल्याकडे कळंबलाही आहे, पण त्याच्या नशिबी असा चित्रपट आला नाही.

‘अष्टविनायक’ चांगलाच आहे. पण राजदत्तांची थोरवी मला त्याच्या दोन वर्षं आधीच्या ‘देवकीनंदन गोपाला’त (१९७७) दिसते. विषय गाडगेबाबा. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, मृत्यू २० डिसेंबर १९५६ला अमरावतीच्याच वाटेवर. लेखन गो. नी. दांडेकरांचं, आणि गोनीदांनी बाबांना जवळून पाहिलेलं. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. पुढे ज्यांनी देवाला निवृत्त करा असं उघड लिहिलं, त्या लागूंना संतपटातला संत द्यायचा, ही निवडच राजदत्तांची नजर सांगते. कारण गाडगेबाबाही कीर्तनात नवस, बकरी, अंगारे-धुपारे यांच्यावरच तर तुटून पडायचे. बाबांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं, आणि त्या उत्तरातच त्याला अडकवायचं. लागू हे प्रश्न विचारतात तेव्हा पट्टीचा नट वाक्यं फेकतोय असं वाटत नाही. खेड्यातला एक फाटका माणूस खरोखर उत्तराची वाट पाहत उभा आहे असं वाटतं. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि गावात शिरल्यावर आधी झाडलोट. भाषण मागाहून. चमत्काराशिवाय संतपट उभा राहतो हे मराठीत इतक्या ठसठशीतपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला आठवत नाही. जुन्या ‘तुकाराम’लाही शेवटी विमान लागलं.

दुसरी गोष्ट ‘अरे संसार संसार’मधली (१९८१). चित्रपट तसा त्या काळच्या ग्रामीण चित्रपटांच्या वळणाचा. रंजनाचा अभिनय सोडला तर आज त्यातलं थोडंच टिकतं. पण त्यात राजदत्तांनी पेरणीचं गाणं घेतलं ते अकोला जिल्ह्यातल्या विठ्ठल वाघांचं, आणि घेतलं ते वऱ्हाडीतच. पुणेरी करून नव्हे. ज्यांनी तिफण पाहिलीय, चाड्यावर मूठ धरून नळ्यांतून बी सोडत बैलांमागे चालणारी बाई पाहिलीय, त्यांना हे गाणं रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा काय वाटलं असेल ते सांगायला नको. आज वाशिम जिल्हा सोयाबीनचा झालाय, पेरणी ट्रॅक्टरमागच्या यंत्रानं होते, आणि कित्येक पोरांना तिफण माहीत आहे ती याच गाण्यामुळे.

‘शापित’, ‘पुढचं पाऊल’, ‘सर्जा’ या राजदत्तांच्या चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘शापित’ त्यांनी अरविंद देशपांडे यांच्याबरोबर केला, वेठबिगारीवर. ‘पुढचं पाऊल’ हुंड्याच्या बळींवर. तिन्ही महत्त्वाचे. तरी मला विचाराल तर पुरस्कारांच्या रकान्याबाहेरची ही दोन कामं, एक चित्रपट आणि एक गाणं, त्यांच्या खात्यात सगळ्यांत वर लावावी लागतील. पुण्या-मुंबईत स्थिरावल्यावर आपल्या मुलखाची भाषा आणि आपल्या मुलखाचा माणूस पडद्यावर आणणारा त्या पिढीतला हा दिग्दर्शक होता.

राजदत्तांनंतर? बराच काळ शुकशुकाट. सुरेश भट अमरावतीचे. त्यांचे शब्द ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’त आले, पण ते शब्द सगळ्या मराठीचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार यांच्या नाटकांवर १९८४ साली दोन हिंदी चित्रपट निघाले, गोविंद निहलानींचा ‘पार्टी’ आणि केतन मेहतांचा ‘होली’. एक महानगरी साहित्यिकांच्या मेजवानीचा, दुसरा कॉलेजच्या वसतिगृहाचा. ‘वाडा चिरेबंदी’तले धरणगावकर देशपांडे रंगमंचावर गाजले. सुभाष घई, राजकुमार हिरानी नागपूरला जन्मले, पण त्यांच्या मुन्नाभाईला आणि खलनायकांना विदर्भाशी देणंघेणं नव्हतं. आणि हो, २०१२चा ‘धग’ हा उद्धव शेळक्यांच्या वऱ्हाडी कादंबरीवरचा नव्हे. नाव सारखं, एवढंच.

वऱ्हाडी बोली लोकप्रिय झाली ती टीव्हीवर. ‘फू बाई फू’, ‘चला हवा येऊ द्या’मधून अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी ‘करून राह्यलो’, ‘काहून बे’ घरोघर नेलं. हे उपकार मोठे आहेत. आपल्या बोलीची लाज वाटणाऱ्या पोरांना तिनं पैसा मिळतो हे तरी दिसलं. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. वऱ्हाडी म्हटलं की लोक आधीच हसायला तयार होऊन बसतात. गणेशपुऱ्यांचा त्यात दोष नाही. त्यांना गंभीर वऱ्हाडी भूमिका लिहून देणारे कुठे होते?

ती भाषा रडण्यासाठी आणि गप्प बसण्यासाठी वापरायला सिनेमा आला, तोवर आपल्याकडे माणसं मरत होती. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विशेष पॅकेज दिलेल्या सहा जिल्ह्यांत वाशिम होतं. २००९ मध्ये सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. शेजारचा शेतकरी जीव देतो, आणि अलकाला (सोनाली कुलकर्णी) भीती बसते की आता आपला किसनाही (गिरीश कुलकर्णी) तेच करणार. मग ती पोराला बापाच्या मागावर पाठवते, सासूला सांगते, गोडधोड करून घालते. किसना मात्र पेरणीच्या विवंचनेत. घरचे आपल्यावर पाळत ठेवतात हे त्याला कळतच नाही. विषय मरणाचा आणि प्रेक्षक मधूनमधून हसतोय, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडतोय. सरकारी अहवालांनी जे वर्षानुवर्षं सांगितलं नाही, ते एका घराच्या धास्तीतून कळतं.

पाठोपाठ नागपूरच्या राजेश पिंजानींचा ‘बाबू बँड बाजा’ (२०१०). बाप बँडवाला, आई जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरणारी, आणि तिला पोरगा शिकवायचाय. मिताली जगताप वराडकर यांना राष्ट्रीय पुरस्कार, बालकलाकाराला पुरस्कार, पिंजानींना पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार. एवढं असून वाशिम-रिसोडच्या पडद्यावर तो किती दिवस होता हे विचारू नका.

याचं एक कारण धंद्यातलं आहे. चित्रपट विकण्यासाठी देशाचे जे विभाग पाडलेत, त्यात आपला विभाग अजून ‘सीपी बेरार’च म्हणवला जातो. तो प्रांत कधीच गेला. वितरकांच्या वहीत मात्र जिवंत आहे. पैनगंगा ओलांडून हिंगोलीत पाऊल टाकलं की ‘निझाम’ सुरू. छोट्या मराठी चित्रपटाच्या निर्मात्याच्या खिशात पुणे-मुंबईपुरतेच पैसे असतात. सीपी बेरारमध्ये हिंदीशी टक्कर घेत पडदे मिळवणं त्याला परवडत नाही. मग ज्या मुलखाची गोष्ट, त्याच मुलखाला ती टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर पाहावी लागते, तीही वर्ष-दोन वर्षांनी.

म्हणून जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ मला या सगळ्या आढाव्यात वळणाचा वाटतो. २०२३ला टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार, मार्च २०२५मध्ये आपल्याकडे प्रदर्शित. सोमलकर चंद्रपूर जिल्ह्यातले, चित्रीकरण डोंगरगाव या खेड्यात, आणि पडद्यावरची बहुतेक माणसं गावातलीच. बोली आपली वऱ्हाडी नव्हे, पूर्वेकडची. पण कापूस तोच आणि भावही तोच. सविता (नंदिनी चिकटे) समाजशास्त्र शिकतेय, स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, आणि दर काही दिवसांनी तिला पाटावर बसावं लागतं. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, शेतीकाम जमतं का. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, वेगळ्या तोंडांतून. सुरुवातीला मात्र तिच्या स्वप्नात हे सगळं उलटं होतं : बाया खुर्च्यांवर आणि पाटावर पोरगा. प्रेक्षागृह खदखदतं. नंतर जेव्हा खरा पाट येतो, तेव्हा कोणी हसत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातल्या बैठकीत हा प्रसंग चालू महिन्यात घडलेला असेल.

जागीरदारांना अमरावती सोडावी लागली, राजदत्तांना धामणगाव. सोमलकरांनी कॅमेराच गावात नेला. आता नावं कोणत्या रुळालगत जन्मतात याला पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही. मानोऱ्यातल्या एखाद्या तांड्यावरचा पोरगाही आपल्या गोरबोलीत चित्रपट करू शकतो. कुणाला विचारायची गरज नाही.

पण त्यानं आधी हे सगळं पाहिलेलं हवं, आणि ते दाखवण्याची सोय आपल्याच हातात आहे. वाशिम जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याचं नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. दर २० डिसेंबरला बाबांच्या फोटोला हार घालून आणि अंगण झाडून आपण मोकळे होतो. प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना विनंती एवढीच : यंदा त्या दिवशी सभागृहात ‘देवकीनंदन गोपाला’ लावा, आणि महिन्याभरानं ‘शेजारी’, ‘गाभ्रीचा पाऊस’, ‘स्थळ’. प्रोजेक्टर प्रत्येक महाविद्यालयात आहे.